विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीत ‘न्यूट्रल’ नेमके कशासाठी? उतारावर ते धोक्याचे का ठरते?

क्लचविना चालणाऱ्या गाड्या आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने चार-पाच वर्षे वापरलेली गाडी वडिलांसाठी गावी येते. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावांत ऑटोमॅटिक गाडी बहुधा याच वाटेने पोहोचते. गाडी नवी असली तरी चालवणाऱ्याचे हातपाय जुनेच असतात. गर्दी लागली की न्यूट्रल, उतार लागला की न्यूट्रल, गाडी उभी केली की न्यूट्रल, ही तीन पेडलच्या गाडीवर घडलेली सवय दोन पेडलच्या गाडीतही चालू राहते. त्यातली काही कामे निरुपयोगी आहेत, काही जिवावर बेतणारी. आणि ज्या एका प्रसंगी हेच न्यूट्रल जीव वाचवू शकते, तो प्रसंग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सहसा कुणी शिकवत नाही.

या विषयाची चर्चा का?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिमेच्या एस. जी. बर्वे मार्गावर ‘बेस्ट’ची बारा मीटर लांबीची इलेक्ट्रिक बस भरधाव गर्दीत घुसली. नऊ जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले आणि अनेक वाहनांचा चुराडा झाला. बसचे ब्रेक निकामी झाल्याचा दावा चालकाने केला. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत असल्याचे सांगण्यात आले. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोष कुणाचा हे इथे ठरवता येणार नाही. मात्र तपासात एक बाब सुरुवातीलाच पुढे आली. चालकाचा अनुभव क्लच-गिअरच्या छोट्या बसगाड्यांचा होता आणि क्लच नसलेली ही मोठी बस हाती येण्यापूर्वी त्याला मिळालेले प्रशिक्षण मोजक्या दिवसांचे होते.

बसच्या बाबतीत हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. घरच्या मोटारीच्या बाबतीत तो विचारलाच जात नाही. सेकंड हँड गाडी घेताना किलोमीटर, टायर, विमा पाहिला जातो. ‘ऑटोमॅटिक आहे, सोपी असते, बसा आणि चालवा’ एवढ्यावर शिकवणी संपते.

न्यूट्रलवर टाकल्यावर गाडीत काय होते?

इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. इंजिन चालू राहते, चाके मोकळी होतात. तीन पेडलच्या गाडीत हे काम दोन रीतींनी होते, क्लच दाबून किंवा गिअरचा दांडा मधोमध आणून. गाडी थांबवताना क्लच नाही दाबला तर इंजिन बंद पडते, आणि सतत क्लच दाबून धरला तर पायही दुखतो आणि क्लचही झिजतो. म्हणून थांबलो की न्यूट्रल, ही सवय त्या गाडीत योग्यच आहे.

ऑटोमॅटिकमध्ये हे तोडण्याजोडण्याचे काम गाडी स्वतः करते. कशी करते, हे गाडीच्या जातीवर अवलंबून आहे आणि ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली किमान चार जाती विकल्या जातात. जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले भांडे असते. समोरासमोर दोन पंखे ठेवावेत, एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसे तेलाच्या प्रवाहाने बळ पुढे जाते. गाडी उभी असताना दुसरा पंखा नुसता थोपवून धरलेला असतो, त्यामुळे इंजिन बंद पडत नाही. सीव्हीटी गाडीत पट्टा आणि कमीजास्त होणाऱ्या पुली असतात. ड्युअल क्लच गाडीत दोन क्लच आलटून पालटून काम करतात.

चौथी जात आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते. ती म्हणजे एएमटी. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओमध्ये ही यंत्रणा आणली आणि ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागली. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यांच्या जागी संगणकाच्या हुकमावर चालणारे यांत्रिक हात बसवलेले असतात. म्हणजे क्लच आहे, फक्त तो तुमच्या पायाखाली नाही. हे लक्षात राहिले तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

सिग्नलवर, फाटकावर न्यूट्रल करावे का?

अर्ध्या-एक मिनिटाच्या थांब्याला गरज नाही. ‘डी’वरच ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत त्या वेळात तेल किंचित तापते, पण त्यासाठी तेल थंड करण्याची सोय असते आणि अनेक नव्या गाड्या उभ्या असताना आतल्या आत तो भार स्वतःच कमी करतात. एएमटी आणि ड्युअल क्लच गाडीत ब्रेक दाबून गाडी उभी केली की संगणक क्लच सोडवतो, म्हणजे आतून न्यूट्रलसारखीच स्थिती असते. दर थांब्याला ‘डी’वरून ‘एन’ आणि परत ‘डी’ केल्याने गाडी लगेच बिघडत नाही. पण आतली क्लचची जोडतोड तेवढ्या वेळा जास्त होते आणि मिळत काहीच नाही.

थांबा लांबला तर गोष्ट वेगळी. रेल्वे फाटक पडले आहे, रस्त्यावर मिरवणूक आहे, टोलनाक्यावर रांग हलत नाही, अशा वेळी हँडब्रेक ओढून ‘पी’ किंवा ‘एन’वर टाकावे, जमल्यास इंजिन बंद करावे. पाच मिनिटे ब्रेकवर पाय दाबून बसलेल्या माणसाचा पाय कधी ना कधी सैल पडतो, आणि ‘डी’वरची गाडी अॅक्सिलरेटर न दाबताही पुढे सरकते.

क्लचला खरा मार बसतो तो चढावर. पुढची गाडी हलेना म्हणून ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी चढावर तरंगत ठेवायची, हे अनेकांचे कसब असते. एएमटी आणि ड्युअल क्लच गाडीत असे केले की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि जळतो. आधी वास येतो, मग डॅशबोर्डवर इशारा, मग गॅरेजचे बिल. दोष न्यूट्रल न करण्याचा नसतो, ब्रेक न वापरण्याचा असतो.

सिग्नलवर वारंवार न्यूट्रल करणाऱ्याच्या बाबतीत एक खरा धोका संभवतो. गाडी ‘एन’वर असल्याचे विसरून हिरव्या दिव्याला अॅक्सिलरेटर दाबला जातो. इंजिन गुरगुरते, गाडी हलत नाही, मागून हॉर्न सुरू होतात. गडबडीत अॅक्सिलरेटरवरचा पाय न काढताच दांडा ‘डी’वर ओढला जातो. काही गाड्या हे होऊ देत नाहीत, काही शिटी वाजवतात. पण ज्यांत अशी सोय नाही त्या पुढच्या दुचाकीवर झेप घेतात. तीन पेडलच्या गाडीत हे घडत नाही, कारण तिथे गिअर टाकण्याआधी क्लच दाबावाच लागतो.

उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचते का?

रिठदहून अकोल्याच्या दवाखान्यात जायचे तर वाशिम, मालेगाव, मेडशी, पातूर असा रस्ता आहे आणि वाटेत पातूरचा घाट. वाशिमचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, अकोला तीनशेच्या आत. म्हणजे जाताना उतार हा ठरलेलाच. या उतारावर ‘न्यूट्रल मारून’ गाडी सोडण्याची जुनी चाल आहे आणि तिला जुने कारणही आहे. कार्बोरेटरच्या काळात गाडी गिअरमध्ये असो वा नसो, इंजिन हवेबरोबर पेट्रोल ओढतच असे. फेरे जितके कमी, तितके पेट्रोल कमी. तेव्हा न्यूट्रलने चार थेंब वाचत असतील.

आजच्या गाडीत हे गणित उलटे झाले आहे. इंधन इंजेक्शनने दिले जाते. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे उतार आणि वेग टिकून आहे तोवर पेट्रोलचा खर्च शून्य असतो. न्यूट्रलवर टाकले की चाकांचा आधार जातो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावेच लागते, लहान गाडीला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा पेट्रोल वाचवत नाही, जाळतो. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलची गाडी थोडी जास्त लांब घरंगळते हे खरे. काही महागड्या गाड्या सपाट महामार्गावर ही युक्ती स्वतःहून करतात. पण तिथे ब्रेकला पाय लागताच संगणक गिअर परत जोडतो. माणसाच्या हाताला तो वेग नाही.

पेट्रोलचा मुद्दा मात्र गौण आहे. मुख्य मुद्दा ब्रेकचा. एक टन वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. वेग वाढू द्यायचा नसेल आणि गाडी न्यूट्रलवर असेल, तर वाऱ्याच्या अडथळ्यात जाते ती सोडून बाकी सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते. तेवढ्या उष्णतेने तीन लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. २५ टनांच्या मालट्रकला हेच गणित लावले तर पाऊणशे लिटर पाणी. तापलेले ब्रेक पॅड पकड सोडू लागतात, ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने शोषलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ लागून थेट तळाला जाते. चालक म्हणतो ब्रेक फेल झाले. खरे तर ते घाटाच्या माथ्यापासूनच हळूहळू फेल होत आलेले असतात. गाडी गिअरमध्ये असती तर या ओझ्याचा मोठा वाटा इंजिनाने उचलला असता.

पुण्याच्या नवले पुलाने हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या मालवाहू वाहनाने तिथे ४८ वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून तेव्हा सांगण्यात आले. ते वाहन ऑटोमॅटिक नव्हते. पण उतार गिअरबॉक्सची जात पाहत नाही.

इंजिनच बंद केले तर संकट दुप्पट होते. ब्रेकला जोर देणारी पोकळी इंजिनामुळे तयार होते. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टेअरिंग जड होते. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासतात.

मग ऑटोमॅटिक गाडी घाटात ‘डी’वरच उतरवावी का? तेवढ्याने नेहमी भागत नाही. ‘डी’मध्ये गाडी वेग वाढला की वरचा गिअर निवडते आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव कमी असतो. म्हणून ‘एम’, ‘एस’ किंवा ‘एल’ अशा खुणांचा उपयोग. एएमटीत दांडा ‘एम’कडे घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर पकडून ठेवावा, ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, ही ट्रकचालकांची जुनी शिकवण इथेही लागू आहे. इंजिन मोठ्याने ओरडते म्हणून घाबरू नये. ते नुकसान नाही, काम आहे.

समृद्धी महामार्गावर ही सवय आणखी महाग पडू शकते. मालेगाव किंवा शेलूबाजारहून चढायचे आणि मुंबई गाठायची हे जून २०२५ पासून शक्य झाले आहे. या मार्गाचा शेवटचा टप्पा इगतपुरी-कसारा दरम्यानच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून मुंबईकडे उतरतो. शेकडो किलोमीटर चालवून थकलेला माणूस, मागे अवजड वाहने आणि ताशी शंभरच्या पुढचा वेग. अशा ठिकाणी गाडीवरचा एक लगाम आपल्या हाताने सोडून देण्यात शहाणपण नाही.

गाडी उभी करताना क्रम कोणता?

‘न्यूट्रल’ म्हणजे गाडी थांबवून धरणारा गिअर नव्हे. तो काहीच धरून ठेवत नाही. हे सांगावे लागते, कारण इंजिन चालू, दांडा ‘एन’वर आणि चालक ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून खाली उतरलेला, हे दृश्य कुठल्याही बाजारपेठेत दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी सोडून जायचे तर यंत्र बंद केलेले आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, म्हणजेच चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही याची तजवीज केलेली असली पाहिजे.

‘पी’ असलेल्या गाडीत गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक लहानसा अडसर जाऊन बसतो. उतारावर थेट ‘पी’ केले की सगळ्या गाडीचे वजन त्या अडसरावर येते. निघताना दांडा अडतो आणि खाडकन आवाज होतो. न्यूट्रलचा खरा, रोजचा उपयोग इथे आहे. ब्रेक दाबून गाडी थांबवावी, ‘एन’ करावे, हँडब्रेक ओढावा, ब्रेकवरचा पाय हळूच काढून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्यावे, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ करावे.

बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’च नसतो. गाडी चालू करताना ‘एन’ लागतो, म्हणून बंद करतानाही ‘एन’वर ठेवण्याकडे कल असतो. मग सगळा भरवसा हँडब्रेकच्या केबलवर राहतो. जुन्या गाडीची ती केबल किती ताणली गेली आहे, हे आपल्याला उतारावरच कळते. अशा गाडीत हँडब्रेक ओढून दांडा ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये ठेवून इंजिन बंद करावे. क्लच लागलेला राहतो आणि इंजिन चाकांना धरून ठेवते. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. ती पुस्तिका सेकंड हँड गाडीबरोबर क्वचितच येते, हा भाग वेगळा.

अपवाद आपल्याकडच्या लग्नांचा. कार्यालयाबाहेर एकामागे एक गाड्या लागतात आणि ‘न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक लावू नका’ असे सांगणारा एक मुलगा उभा असतो. मैदान सपाट असेल आणि चाकाला दगड लावला असेल तर ठीक. पण बटणाने चालू होणाऱ्या अनेक ऑटोमॅटिक गाड्या इंजिन बंद केले की स्वतःहून ‘पी’त जातात, काही ‘पी’त गेल्याशिवाय बंदच होत नाहीत. त्या ढकलता येत नाहीत, आणि ढकलायला लागलेल्या चार जणांना ते माहीत नसते. काही गाड्यांत दांड्याशेजारी लहान झाकणाखाली कुलूप सोडवायची कळ असते, ती कुठे आहे हे गाडीमालकाने एकदा पाहून ठेवावे. आणि गाडी उताराच्या टोकाला लावली असेल तर त्या मुलाला सरळ नाही म्हणावे.

गाडी आवरेनाशी झाली तर न्यूट्रल वाचवते का?

होय. ‘एन’ या अक्षराचे सर्वांत मोठे मोल इथे आहे. अॅक्सिलरेटर अडकला, पायमॅट त्यावर चढली, पाण्याची बाटली पेडलखाली गेली, तर गाडी पळत सुटते. तीन पेडलच्या गाडीत घाबरलेला माणूस आपसूक क्लच दाबतो आणि इंजिनाचा जोर तुटतो. दोन पेडलच्या गाडीत ती आपसूक सुटका नाही. ती दांड्यावर आहे आणि हाताला सवय नसेल तर ऐन वेळी आठवत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ हेच घडले. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग गस्तीदलातील एक अधिकारी सुटीच्या दिवशी कुटुंबासह लेक्सस मोटारीतून जात होता. दुसऱ्याच मॉडेलची जाड पायमॅट अॅक्सिलरेटरवर अडकली आणि चौघेही मृत्युमुखी पडले. गाडी बटणाने चालू होणारी होती आणि धावत असताना बंद करायला ते बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागत असे. पुढे टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या आणि २०१४ मध्ये अमेरिकी सरकारशी १२० कोटी डॉलरची तडजोड केली. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतच दोष आहे का, हे ‘नासा’च्या अभियंत्यांकडूनही तपासून घेण्यात आले. तसा दोष त्यांना आढळला नाही. उरले ते पायमॅट, अडकणारे पेडल आणि चुकीच्या पेडलवर पडणारे पाय. आपल्याकडे सध्या फॅशनमध्ये असलेल्या जाडजूड ‘सेव्हन डी’ मॅटवर आणखी एक मॅट टाकणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर लक्षात घ्यावे.

त्याआधी १९८० च्या दशकात ऑडी ५००० या गाडीवर तिकडे असेच आरोप झाले होते. १९८९ साली सरकारी तपासाचा निष्कर्ष आला की बहुतेक प्रकरणांत ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेला होता. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’तून बाहेर निघत नाही, ही आज सगळ्यांना परिचित असलेली सोय त्या वादातून रुळली. जपानने आता पुढचे पाऊल उचलले आहे. चुकून दाबलेला अॅक्सिलरेटर ओळखून गाडी रोखणारी यंत्रणा तिथे नव्या ऑटोमॅटिक मोटारींना २०२८ पासून सक्तीची होणार आहे.

प्रत्यक्ष प्रसंगात काय करावे? ब्रेक एकदाच, पूर्ण जोर लावून दाबावा आणि दाबूनच ठेवावा. इंजिन पूर्ण जोरात असताना ब्रेकला मदत करणारी पोकळी तयार होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पंप केल्यास उरलीसुरली मदतही संपते. त्याच वेळी दांडा ‘एन’वर ढकलावा. सरळ रेषेत हलणाऱ्या बहुतेक दांड्यांत ‘डी’वरून ‘एन’वर जायला बाजूचे बटण दाबावे लागत नाही, ‘आर’ आणि ‘पी’ला मात्र लागते. ही रचना मुद्दाम केलेली आहे, घाईत हात पुढे ढकलला तर तो ‘एन’वरच थांबावा म्हणून. इंजिन भयंकर ओरडेल. ओरडू द्यावे, त्याचा वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा आत असते. गाडी कडेला घेऊन थांबल्यावरच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टेअरिंगला कुलूप लागू शकते.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना आणि इलेक्ट्रिक गाडीत?

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेणे हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाडीत तो महागात पडतो. ‘एन’वर टाकले तरी इंजिन बंद असल्याने तेल फिरत नाही. गाडीची जोर देणारी चाके, म्हणजे आपल्या बहुतेक मोटारींत पुढची, उचलूनच न्यावी. शेतातून रस्त्यावर काढण्यापुरती शंभर-दोनशे मीटर, माणसाच्या चालीने, एवढी सूट बहुतेक गाड्या देतात. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी चालू होत नाही, एएमटीसुद्धा. त्यासाठी बॅटरीला बॅटरी जोडणारी वायर डिकीत ठेवावी.

इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलणे नसतेच. मोटर चाकांना कायमची जोडलेली असते आणि ‘एन’ म्हणजे फक्त मोटरला वीज न देणे. उतारावर अशी गाडी ‘डी’मध्ये असेल तर मोटर जनित्र बनते, बॅटरी भरते आणि गाडी आवरतेही, ‘एन’ केल्यास दोन्ही फायदे जातात. आवरेनाशा झालेल्या इलेक्ट्रिक गाडीतही मोटरचा जोर तोडण्याचे काम मात्र हाच ‘एन’ करतो.

परवाना देताना हे तपासले जाते का?

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिलेल्याला क्लचची गाडी चालवण्याचा परवाना मिळत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये दुचाकीसाठी ‘गिअर असलेली’ आणि ‘गिअर नसलेली’ असे दोन वेगळे वर्ग आहेत. मोटारीसाठी मात्र ‘हलके मोटार वाहन’ असा एकच. स्कूटी शिकलेल्या मुलीला मोटारसायकलसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, पण आयुष्यभर क्लचची गाडी चालवलेल्या साठीतल्या गृहस्थाने दोन पेडलची गाडी हाती घेतली तर कायद्याला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. हा भेद कशासाठी, याचे पटण्यासारखे कारण दिसत नाही.

गंमत म्हणजे नियम अपुरे आहेत असेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये चाचणीत काय पाहावे याची यादी आहे आणि उतारावर उतरताना चटकन खालच्या गिअरमध्ये येणे, चढावर थांबून गाडी मागे न घरंगळू देता पुन्हा काढणे, या दोन्ही गोष्टी तीत आहेत. वाशिमच्या परिवहन कार्यालयात असो की अन्यत्र, मैदानावर आठचा आकडा काढून हे कौशल्य तपासले जाऊ शकत नाही. आणि एमएच-३७ च्या पाटीची ऑटोमॅटिक गाडी घरी आल्यावर खालचा गिअर कुठे शोधायचा हे सांगणारा कुणी नसतो.

तोवर हे घरच्या घरी करावे लागेल. सुगी उरकल्यावर एखादे मोकळे, सपाट मैदान पाहावे आणि शेजारी जाणत्या माणसाला बसवावे. ताशी वीसच्या वेगात दांडा ‘डी’वरून ‘एन’वर, अॅक्सिलरेटरला पाय न लावता परत ‘डी’वर, असे आठ-दहा वेळा, नजर समोर ठेवून करावे. मग ‘एम’वर घेऊन गिअर खाली आणून पाहावा. डावा पाय मागे, सीटखाली ओढून ठेवावा. क्लचच्या सवयीने तो ब्रेकवर आदळला तर गाडी जागीच थबकते आणि मागचा दुचाकीस्वार डिकीवर येतो. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते पातूरच्या घाटात जाण्याआधी झालेले बरे.